मंडळातला ळ

मंडळी, भाषण लिहून आणलं होतं, ते खिशातच राहू दे. गेल्या रविवारी लेकीने जे ऐकवलं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

तिच्या मैत्रिणीकडे चहाला गेलो होतो. माणसं गुवाहाटीची. फ्रिजवर वाणसामानाची हाताने लिहिलेली यादी. ती बघून आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बंगाली?" मावशी हसल्या, पण कप जरा जोरातच टेकला.

मग त्यांनी पेन घेतलं. आधी त्रिकोणी ब काढला. त्याच्याखाली टिंब दिलं की बंगाल्यांचा र, पोटात तिरपी रेघ मारली की असमिया र. व साठीही असमियात वेगळं अक्षर आहे, बंगालीत तो ब मध्येच बुडाला. म्हणजे मी विवेक, तिकडे बिबेक. (घरी हे नाव आता चिकटलंय.) यादीतलं 'चाह' त्या मात्र 'साह' असं वाचत होत्या.

एका रेघेसाठी एवढा जीव? तर 1836 साली इंग्रजांच्या राज्यात आसामच्या कोर्टकचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली आली. असमिया परत यायला 1873 उजाडलं. तुमची भाषा म्हणजे बंगालीचीच बोली, हे ज्यांच्या पिढ्यांनी ऐकून घेतलं, त्यांच्या घरात लेकीचा प्रश्न साधा राहत नाही. पण बाई प्रामाणिक. दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली. 1960 मध्ये असमिया राज्यभाषा झाली, आणि 19 मे 1961 ला आसामातल्याच बंगालीभाषक सिलचरच्या स्टेशनवर बंगालीसाठी सत्याग्रहाला बसलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. 11 जण गेले.

परतताना गाडीत मी लेकीला झापलं, असं कुणाला विचारू नये म्हणून. ती म्हणाली, "पण बाबा, आपण पण हिंदीच लिहितो ना?"

स्टिअरिंग हातात होतं म्हणून, नाहीतर! मी तावातावाने सुरू केलं: आपला ळ बघ, 'तऱ्हा'मधला तो र बघ, हिंदीच्या पुस्तकात दाखव बरं मला. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी, बंगाली आणि असमिया एकाच दिवशी अभिजात झाल्या, हेही सुनावलं. आपण पेढे वाटले होते, आठवतंय? ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, सगळा इंग्रजी अक्षरांत. माझेही चार थेंब त्यातच.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग गणपतीच्या बॅनरवर 'मंडल' का होतं?"

मंडळी, तो बॅनर मी टाइप केला होता. रात्रीचे साडेअकरा, छापणाऱ्याची घाई, आणि फोनच्या हिंदी कीबोर्डवर ळ काही सापडेना. म्हटलं, कोण बघतंय.

दीड दिवस तो हॉलच्या दारावर लटकत होता. दर्शनाला आलात, त्याच्याखाली उभं राहून फोटो काढलेत, आरतीला आवाज टिपेला लावलात. एकानेही मला बाजूला घेऊन सांगितलं नाही. चूक दिसली आणि गप्प बसलात, की दिसलीच नाही? यातलं काय निघालं तर मला रात्री झोप लागेल, ते मला कळत नाहीये.