डाळीचा भाव आणि ठेवीचं व्याज

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय महागाईशी बांधलेल्या सरकारी रोख्यांबद्दल.

आमच्या शेजारच्या मावशी, निवृत्त शिक्षिका. त्यांची वही असते. तूरडाळ, गोडंतेल, सिलिंडर, दुधाचा रतीब, सगळ्यांचे भाव तारखेसकट. (मोबाइलमधल्या हिशोबाच्या ॲपवर माझा काडीचाही विश्वास नाही, वही ती वही.) २०१४ सालच्या सुरुवातीला ती वही घेऊन मावशी बँकेत गेल्या. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३मध्ये खास घरगुती बचतीसाठी रोखे काढले होते. मुदत दहा वर्षं, किमान पाच हजार, व्याज म्हणजे किरकोळ महागाईचा दर अधिक दीड टक्का. लक्षात ठेवा, महागाई अधिक दीड टक्का.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, एफडी करा, नऊ टक्के." मावशींनी वही उघडली. "डाळ वर्षाला नऊ टक्क्यांच्या वर चढणार नाही, असं लिहून देता का?" मुलाने विम्याचं माहितीपत्रक पुढे सरकवलं. म्हाताऱ्या माणसाला काउंटरवर विमा विकणं बंद झालं पाहिजे, हे मी याआधीही इथे बोललोय. असो. मावशी बाकावर बसून राहिल्या. शेवटी साहेब बाहेर आले, फॉर्म शोधला आणि दोघांनी मिळून तो पहिल्यांदाच वाचला! दर सहा महिन्यांनी व्याज मुद्दलात जमा होतं, हाती सगळं दहा वर्षांनी. मावशी म्हणाल्या, "चालेल, पेन्शन आहे."

पुढे काय झालं? २०१५मध्ये तूरडाळ भडकली, मावशी शांत. २०१७च्या जूनमध्ये महागाई दीड टक्क्यावर उतरली, तसं व्याजही उतरलं. शेजारचे काका एफडीची पावती दाखवून चिडवायचे. आणि दहा वर्षांचा हिशोब काकांच्याच बाजूने गेला, कारण महागाईची सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास राहिली. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "डाळ स्वस्त मिळाली की नाही? मग तक्रार कसली?"

तर हे रोखे जास्त कमवून देत नाहीत. पुन्हा सांगतो, जास्त कमवून देत नाहीत. महागाईच्या दीड टक्का पुढे ठेवतात, तेही कर कापायच्या आधी. कर पूर्ण व्याजावर लागतो, महागाईच्या वाट्यावरसुद्धा. वरच्या टप्प्यात कर भरणाऱ्याचा तो दीड टक्का त्यातच गडप होऊ शकतो.

या रोख्यांची विक्री मार्च २०१४ अखेर थांबली. आता बँकेत बदलत्या व्याजाचे सात वर्षांचे सरकारी रोखे मिळतात, किमान एक हजाराचे. त्यांचं व्याज एनएससी, म्हणजे पोस्टातल्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त असतं. पण ते बांधलंय एनएससीशी, महागाईशी नाही. एनएससीशी, बरं का. शिवाय व्याज साठत नाही, १ जानेवारी आणि १ जुलैला खात्यात येतं. महिन्याचा खर्च व्याजावर चालवणाऱ्यांनी हे आधी पाहावं. नमस्कार.