फळ्यावरचं वचन

(दृश्य: गोव्यातल्या फोंड्याचा बाजार, पहाट. निम्मं उघडलेलं शटर.)

अबोलीचे वळेसर अजून टोपलीत, ओल्या फडक्याखाली आहेत. काकींचं शटर मात्र वर गेलंय. ब्लाउज शिवायचं दुकान, दोन मशिनं जेमतेम मावतील एवढं. मशीनला तेल घालण्याआधी काकी बाहेरच्या खांबाला टांगलेला फळा पुसतात.

त्यावर रोज पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन असतं. तेही मराठीतून, कारण गल्लीत पेपर मराठीच येतो.

(दृश्य: उघडा नवा करार. ओळीवरून सरकणारं बोट. खडू.)

काकी लगेच लिहायला घेत नाहीत. आधी सगळा अध्याय वाचायचा, हा त्यांचा नेम. आजचं वचन फिलिप्पैकरांस पत्र, ४:१३. सामर्थ्य देणाऱ्याच्या योगानं मी सर्व काही करू शकतो, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. दहावीच्या निकालाला हेच वचन हमखास पाठवलं जातं. पण पौल हे बंदिवासातून लिहितोय, आणि आदल्याच वचनात पोटभर जेवायलाही शिकलो, उपाशी राहायलाही शिकलो, असं सांगतोय. म्हणून काकी बारावंही लिहितात. फळा लहान पडतो, अक्षर बारीक होतं, वचन मात्र तुटत नाही.

जुन्या करारातलं यिर्मया २९:११ सुद्धा सगळ्यांच्या आवडीचं, हिताचे संकल्प सांगणारं. ते लिहिलेलं होतं बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, नेलेल्या बंदिवानांना, आणि दहाव्या वचनात त्यांना तिथली ७० वर्षं सांगितलेली आहेत. काकी ती ७० वर्षं गाळत नाहीत. गोड तेवढंच कापून द्यायचं नाही, विश्वासूपणा म्हणतात तो आम्हाला इथं दिसला.

(दृश्य: जुवारी नदी. राशोलची टेकडी.)

मराठीतून शास्त्र सांगणं गोव्यात जुनंच. जुवारीच्या दक्षिण काठावरचं हे राशोल. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरला तो १६१९ मध्ये गोव्यातच वारला. राशोलच्या साष्टी तालुक्यातल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या कानाला ओळखीचं वाटेल असं शास्त्र हवं होतं. ते कान ओवीचे होते. स्टीफन्सनं ओवीच घेतली. त्यानं रचलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त जवळपास अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताची. फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असं त्यानं त्यातच म्हटलं. १६१६ साली ते इथं छापलं गेलं, रोमन लिपीत. त्या छपाईची प्रत आज सापडत नाही. ओव्या टिकल्या त्या हातानं उतरवून घेणाऱ्यांमुळे.

ह्याच साष्टीत सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली आणि दैवतं नदीपलीकडे, फोंड्याकडे न्यावी लागली. काकींच्या कितीतरी गिऱ्हाइकांची कुलदैवतं त्यांतली आहेत.

(दृश्य: पुन्हा दुकान. कॉलेजला निघालेली मुलगी फळ्यापाशी थांबते.)

काकी कुणाला हाक मारून थांबवत नाहीत. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं, असं पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे.

“काकी, आज दोन-दोन वचनं?”

“बस गं. हूक लावते तोवर सांगते.”

(इथं निवेदन नाही. काकींचे हात, मुलीचा चेहरा.)

एकीनं नवा करार वाचायला मागून नेला आहे. तिला कॅमेऱ्यासमोर यायचं नव्हतं.

(दृश्य: संध्याकाळ. जमिनीवर कातरणं, मशीनवर घातलेलं कापड.)

जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात सांगितलंय: ही वचनं घरी बसलेला असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना बोलत जा. दाराच्या खांबांवर लिही. काकींच्या दुकानाला दार नाही, शटर आहे. ते त्या खाली ओढतात, कुलूप घालतात. फळा बाहेरच राहतो. पुसायचा तो सकाळी, म्हणजे शेवटच्या कदंब बसला धावणाऱ्यालाही, थांबला तर, वाचता येतो.