स्वतःच्याच ध्वनिमुद्रिकांचा विद्यार्थी

फिलाडेल्फियातल्या एका घरात, १९८० नंतरच्या काळात, वडील जॅझच्या ध्वनिमुद्रिका लावत आणि वरच्या खोलीत पडून असलेल्या त्यांच्या मुलाला त्या ऐकणे सहन होत नसे. त्यांवरची गिटार त्याचीच होती. पण आपण कधी गिटार वाजवत होतो, हेच त्याला आठवत नव्हते. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर त्याने स्वतःच्या आईवडिलांनाही ओळखले नव्हते. या वादकाचे नाव पॅट मार्टिनो.

२५ ऑगस्ट १९४४ रोजी फिलाडेल्फियात जन्मलेल्या पॅटचे मूळ आडनाव अझारा. वडील क्लबांमधून गात, आणि जॅझची गोडी त्यांच्यामुळेच लागली. विख्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन ज्यांच्याकडे शिकले, त्या डेनिस सँडोल यांच्याकडे पॅटनेही धडे घेतले आणि वयाच्या पंधराव्या वर्षी तो व्यावसायिक वादक झाला. जॅक मॅकडफ, डॉन पॅटरसन अशा ऑर्गनवादकांच्या साथीत त्याचा हात तयार झाला. स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रिका ‘एल ओम्ब्रे’ १९६७ साली आली, आणि १९६८ च्या ‘बायिना’मध्ये तर त्याने तबला आणि तंबोराही घेतला. जाड तारांवर, जवळजवळ श्वास न घेता चालणाऱ्या स्वरांच्या लांबच लांब ओळी ही त्याची ओळख होती.

दुखणे मात्र सोबतच वाढत होते. तीव्र डोकेदुखी आणि झटके यांना डॉक्टरांनी मानसिक आजार ठरवले, विजेचे धक्केही दिले. १९७६ मध्ये फ्रान्समधील एका कार्यक्रमात तो वाजवता वाजवता थांबला आणि काही क्षण नुसता उभा राहिला. खरे कारण १९८० साली रक्तस्राव झाल्यावर स्पष्ट झाले. धमनीतील रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांमधून संथ होऊन शिरेत उतरते. त्याच्या मेंदूत एके ठिकाणी ही मधली जाळी जन्मतःच नव्हती आणि धमन्या-शिरांचा थेट गुंता झालेला होता. प्राण वाचवण्यासाठी शल्यविशारद फ्रेडरिक सिमिओन यांनी डाव्या टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानशिलाजवळच्या भागाचा, मोठा हिस्सा काढून टाकला.

यापुढची कथा सहसा अशी सांगितली जाते, की मार्टिनो कोऱ्या पाटीवर पुन्हा पहिल्यापासून गिटार शिकला. सांगायला ही कथा सोपी आहे, पण पुरती खरी नाही. नावे, चेहरे, घडलेल्या घटना यांची आठवण आणि बोटांना जडलेले कौशल्य ही मेंदूची एकच व्यवस्था नसते. पहिलीसाठी टेम्पोरल लोबचा आतला भाग अत्यावश्यक असतो, तर दुसरे मुख्यतः बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोल भागातले पेशीसमूह) आणि लहान मेंदू यांच्या आधाराने टिकते. मार्टिनोचे स्वतःचे वर्णन याच्याशी जुळते. वाद्यावर काम करू लागल्यावर गिटारच्या गळ्यावरच्या, म्हणजे बोटे फिरतात त्या लांब पट्टीवरच्या, आकृत्या हळूहळू परत येऊ लागल्या, जणू एकाच घरातल्या वेगवेगळ्या खोल्यांकडे नेणारे जिने सापडत गेले, असे त्याने सांगितले आहे. हात काहीतरी जाणत होते आणि हातांच्या मालकाला ते ठाऊक नव्हते. त्यात मित्रांच्या, छायाचित्रांच्या आणि मुख्यतः त्याच्याच जुन्या मुद्रिकांच्या मदतीची भर पडली. सुरुवातीला तर गिटार त्याच्यासाठी एक खेळणे होती, आणि नावलौकिकाचे ओझे नसल्यामुळेच ती पुन्हा हाती धरवली असावी.

त्याच्या शिकवणीतला एक धडा इथे थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्या सरगमीत सांगायचे तर सा, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि शुद्ध धैवत हे चार स्वर एकत्र वाजवले, की एकमेकांपासून समान अंतरावरचे स्वर असलेला डिमिनिश्ड कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह) तयार होतो. हीच आकृती गिटारवर तीन फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) पुढे सरकवली तरी स्वर तेच राहतात, फक्त त्यांच्या जागा बदलतात. आता या चारांपैकी कोणताही एक स्वर अर्ध्या स्वराने उतरवला, की डॉमिनंट सेव्हन्थ हा जॅझमध्ये सतत लागणारा कॉर्ड मिळतो. म्हणजे एका आकृतीतून, प्रत्येक वेळी एकच बोट हलवून, चार कॉर्ड निघतात. गिटारचा गळा तो पियानोच्या पट्ट्यांच्या हिशेबाने नव्हे, तर गळ्याच्या स्वतःच्या भूमितीने वाचत असे. ज्याच्याकडे पाठांतर शिल्लक नव्हते, त्याला अशा रचनांचा केवढा आधार वाटला असेल, याची कल्पना करता येते.

१९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फॅट ट्युजडेज’ क्लबमधील वादनाची ‘द रिटर्न’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे आईवडिलांचे आजारपण आणि निधन यांमुळे पुन्हा खंड पडला आणि नियमित मुद्रण सुरू व्हायला १९९४ उजाडले. २००१ च्या ‘लाइव्ह ॲट योशीज’मध्ये जोई डिफ्रान्सेस्को यांचा ऑर्गन आणि बिली हार्ट यांचे ड्रम्स आहेत. ही तीच ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स अशा त्रिकुटाची बैठक, जिच्यात तो किशोरवयात घडला होता. ‘एल ओम्ब्रे’ आणि ही मुद्रिका लागोपाठ ऐकल्यास दोन वेगळे वादक शोधण्याचा मोह होतो. कान मात्र तीच न तुटणारी ओळ आणि तोच ठोस आघात ओळखतात.

२०१४ मध्ये न्यूरोसर्जरीच्या एका नियतकालिकात त्याच्या मेंदूवर स्वतंत्र शोधलेख प्रसिद्ध झाला. २०१८ च्या अखेरीस श्वसनाच्या विकाराने त्याचे जाहीर कार्यक्रम थांबले आणि १ नोव्हेंबर २०२१ रोजी फिलाडेल्फियातच त्याचे निधन झाले. त्याच्या धड्यांच्या चित्रफिती आणि स्वरलिपी गिटारचे विद्यार्थी आजही समोर ठेवून सराव करतात.