गुळाचा रवा आणि बंजी उडी

श्रोतेहो, नमस्कार. बंजी उडी घेणारा माणूस शेवटी दोरीला जिथे शांत लोंबत राहतो, तिथूनच पहिल्यांदा खाली जाताना त्याचा वेग सर्वाधिक असतो, हे चटकन पटत नाही. मलाही पटले नव्हते, आणि त्यापायी आजीचा गूळ वाया गेला.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सज्जाचा कठडा फरशीपासून १० फुटांवर होता. शाळकरी वयात मी आणि चुलतभावाने सायकलच्या फाटक्या ट्यूबचा ४ फुटांचा पट्टा कठड्याला बांधला आणि दुसऱ्या टोकाला पिशवीत घालून १ किलोचा गुळाचा रवा अडकवला. (रवा काळसर होता; पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, पण चव काळसर गुळालाच, हे माझे मत आजही कायम आहे.) हाताने आधार देत पिशवी हळूहळू सोडली, तेव्हा पट्टा ३ फूट ताणला आणि पिशवी फरशीच्या ३ फूट वर स्थिर राहिली. एवढी जागा पुष्कळ झाली, असा हिशेब करून भावाने तीच पिशवी कठड्यावरून सोडून दिली. ती त्या खुणेपाशी थांबली तर नाहीच, उलट तिथून भरधाव जाऊन फरशीवर आपटली आणि गुळाचे खडे तुळशीवृंदावनापर्यंत उडाले. "मुंग्या लागायच्या आत सगळं गोळा करायचं," एवढेच आजी म्हणाली.

आमचे चुकले ते असे. समजा, ६० किलोचा माणूस १५ मीटरच्या दोरीने उडी घेऊन एकूण ४० मीटर खाली जातो. उंचीमुळे त्याच्यापाशी असलेली सुमारे २३,५०० जूल स्थितिज ऊर्जा आधी गतिज होते. १५ मीटरवर वेग ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. दोरी ताणू लागली तरी तिचा ताण वजनापेक्षा कमी असेपर्यंत वेग वाढतच राहतो, आणि सुमारे २३ मीटरवर ताण व वजन समान होतात तेव्हा तो ताशी ६९ किलोमीटर असतो. पुन्हा सांगतो : बले समान होतात तिथे वेग सर्वाधिक असतो. उरलेले १७ मीटर दोरी ती ऊर्जा स्वतःत साठवत जाते; तळाशी वेग शून्य, पण ताण वजनाच्या तिपटीहून अधिक असतो.

मग दोरी माणसाला वर खेचते, परंतु रबराच्या घर्षणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होतो आणि अखेर माणूस त्याच २३ मीटरच्या ठिकाणी स्थिरावतो. आमच्या सज्जाखाली ते ठिकाण फरशीपासून ३ फुटांवर होते.