रेकॉर्डची मागची बाजू

श्रोतेहो, नमस्कार.

'क्वीन' म्हटलं की फ्रेडी मर्क्युरीच आठवतो. साहजिक आहे. आवाज त्याचा, रंगमंच त्याचा. शिवाय तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, त्यामुळे आपल्याला जरा जास्तच जवळचा. पण लंडनच्या या बँडमध्ये गाणी रचणारे चौघं होते. हो, चौघंही. फ्रेडी, गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर आणि बेस गिटारवर जॉन डीकन. सगळं स्टेडियम पाय आपटून टाळी वाजवतं ना, ते 'वुई विल रॉक यू' ब्रायनचं. १९८० साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' डीकनचं. आणि डीकन तर गायचाच नाही! रचायचं त्यानं, गायचं फ्रेडीनं. ब्रायन आणि रॉजर मात्र आपलं एखादं गाणं स्वतःही गायचे.

रिवाज साधा होता: गाणं ज्याला सुचलं, नाव त्याचं. आणि नाव ज्याचं, रॉयल्टीही त्याची. हे लक्षात ठेवा, कारण सगळं भांडण इथूनच निघालं.

१९७५ साल. 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या अल्बमचं काम चाललेलं. रॉजर एक गाणं घेऊन आला, 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार'. बँडबरोबर काम करणाऱ्या एकाचं आपल्या मोटारीवर जिवापाड प्रेम, त्यावरून सुचलेलं. ब्रायनला आधी वाटलं, हा थट्टाच करतोय. पण रॉजर ठाम. गायला तो स्वतः, आणि गाण्यात इंजिनाचा आवाज घातला तोही स्वतःच्या अल्फा रोमिओचा.

मग सिंगल रेकॉर्ड काढायची वेळ आली. पुढच्या बाजूला फ्रेडीचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', जवळजवळ ६ मिनिटांचं. मागच्या बाजूला काय? रॉजर म्हणाला, माझी मोटार. बाकीचे तयार होईनात. तेव्हा हा गडी एका कपाटात शिरला आणि होकार मिळेपर्यंत बाहेर येईना, असा किस्सा सांगतात. अखेर होकार मिळाला. रेकॉर्ड निघाली आणि ब्रिटनमध्ये ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

लोकांनी ती घेतली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'साठी. पण रॉयल्टी दोन्ही बाजूंची सारखी! पुढची बाजू फ्रेडीची, मागची रॉजरची, आणि पैसे दोघांना सारखे. हा सल वर्षानुवर्षं टिकला. ब्रायननं पुढे मुलाखतीत तो उघड बोलून दाखवला.

मला विचाराल तर रॉजरला ते पैसे अगदीच फुकट मिळाले नाहीत. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त मधेच तो ऑपेरासारखा कोरस उसळतो ना, तो तिघांचा आहे. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर यांनी एकावर एक आवाज चढवत उभा केलेला. त्यातले सगळ्यात वरचे, कानाला टाचणीसारखे टोचणारे सूर रॉजरचे. पण कोरसला कोण रॉयल्टी देतो?

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. गाणं लावताना गीतकार, संगीतकार, गायक ही तिन्ही नावं सांगायची आकाशवाणीची पद्धत मला फार मोलाची वाटते. हल्ली मोबाइलवर गाणी ऐकताना गायकाचं नाव तेवढं दिसतं. कवी गेला कुठे? आमच्या काही तरुण निवेदकांनाही ही नावं म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. मला ते मुळीच पटत नाही.

असो. 'क्वीन'नं यावर तोडगा काढला तो १९८९मध्ये. 'द मिरॅकल' अल्बमपासून गाणं कुणालाही सुचो, नाव चौघांचं, 'क्वीन'. पैसेही चौघांत सारखे. मग गाणं कुणाचं हा वाद मिटला, गाणं कसं आहे एवढंच बघायचं उरलं. फ्रेडीला मात्र त्यानंतर जेमतेम अडीच वर्षं मिळाली. नोव्हेंबर १९९१मध्ये तो गेला.

आता ऐकू या त्या रेकॉर्डची मागची बाजू. गीत, संगीत आणि आवाज, रॉजर टेलर.