अनोक्याचं हॅलोवीन: खोड्यांची झाली मिरवणूक

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेतल्या मिनेसोटात 31 ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाची, म्हणजे हॅलोवीनची, गोष्ट काढायची, तर अनोक्यापासूनच सुरुवात करावी लागते. मिनिआपोलिसच्या वायव्येला, रम नदी मिसिसिपीला मिळते तिथलं हे गाव. वस्ती आजही 18,000 च्या आसपास.

पूर्वी हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी गाव जागं व्हायचं तेव्हा मुख्य रस्त्यावर गायी मोकाट, काचांना साबण फासलेला, परसातले लाकडी संडास आडवे पडलेले! होळीला शेजाऱ्याची लाकडं नि गोवऱ्या पळवतात ना, त्याच जातीचा उद्योग. साबण पाण्याने निघतो तरी. पण कुणी मेण घासलं, तर पात्याने खरवडत बसा.

या खोड्या थांबाव्यात म्हणून 1920 मध्ये जॉर्ज ग्रीन आणि गावातल्या कर्त्या मंडळींनी समिती नेमली आणि मिरवणूक ठरवली. हजारावर शाळकरी मुलं कित्येक आठवडे बेत आखण्यात आणि पोशाख शिवण्यात गुंतली. मेख इथेच आहे. नुसता खाऊ वाटला असता, तर तो खिशात घालून पोरं पुन्हा गोठ्याकडे वळली असती. मिरवणुकीनंतर पॉपकॉर्न, शेंगदाणे, गोळ्या, आणि ब्रिज स्क्वेअरमध्ये मोठी शेकोटी. संध्याकाळ भरून गेली.

1937 मध्ये 12 वर्षांचा हॅरल्ड ब्लेअर अनोका ही 'जगाची हॅलोवीन राजधानी' असल्याचा जाहीरनामा घेऊन वॉशिंग्टनला गेला. महायुद्धामुळे 1942 आणि 1943 ला मात्र उत्सवात खंड पडला.

आता आपल्या मुलांसाठी. पोशाख दोन मापं मोठा घ्या; जाडं जाकीट आत बसलं पाहिजे. वरून जाकीट चढवलं की वाघ काय नि भूत काय, सगळे सारखेच. 1991 चं हॅलोवीनचं हिमवादळ जुन्या लोकांना विचारा: ट्विन सिटीजमध्ये (मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरं) तीन-चार दिवसांत 28.4 इंच बर्फ!

हॅलोवीनला तोंड कोरून दाराशी ठेवतात त्या भोपळ्याचं झाकण कापताना सुरी मधल्या भागाकडे तिरकी धरा. सरळ कापलं, तर झाकण आत पडतं. आतला गर खरवडून भिंत साधारण इंचभर ठेवा. कोरणं दोन-तीन दिवस आधीच. त्याहून आधी कोरला, तर बुरशी धरते. रात्री तापमान शून्य सेल्सियसखाली जाणार असेल, तर भोपळा आत घ्या. गोठून वितळला की लिबलिबीत होऊन बसतो, मग कोरलेलं तोंड काही सावरत नाही.