मागच्या दारची पिल्लं

(दृश्य: सिंधुदुर्गातलं एक घर. जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा, पावसाने ओली झालेली लाल माती, उकरत फिरणाऱ्या कोंबड्या.)

या गडग्याला लागून अडुळसा आहे. गुरं-शेळ्या त्याच्या पानाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून जुन्या माणसांनी तो कुंपणालाच लावला. परसाची राखण होते आणि खोकला आला की काढ्याला पानं हाताशी असतात. सांडपाण्याच्या वाटेवर गवती चहा. उंचवट्यावर कोरफड, कारण मुळाशी पाणी साचलं की ती कुजते. कडुनिंबावर गुळवेल चढलेली. यातलं बहुतेक काही विकत आणावं लागत नाही. कांडी, फुटवा, गड्डा शेजारी मागितला की मिळतो.

याच परसात कोंबड्या किडे-वाळवी वेचतात आणि मागे खत ठेवतात. ते ताजं मात्र घालू नका. कोंबडखत उष्ण असतं, रोपाची मुळं जळतात. पालापाचोळ्यात चांगलं कुजलं की मगच हळदीला द्या. आणि हळदीच्या वाफ्यावर काटेरी फांद्या टाका, नाहीतर कोंबड्या सगळे गड्डे उकरून काढतील.

(दृश्य: डालग्यात बसलेली खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी.)

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवायची. पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात. आठवडाभराने रात्री एकेक अंडं बॅटरीच्या उजेडात धरून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर अंड्याने जीव धरलाय. नुसतं पारदर्शक दिसलं, तर ते काढून टाका. डालग्यात निर्गुडीचा पाला घालायची रीत आहे. त्याच्या उग्र वासाने उवा-पिसवा दूर राहतात असं घरोघरी सांगतात.

उबवणी केंद्रातून आणलेल्या पिल्लांना आई नसते. त्यांची ऊब आपणच व्हायचं. पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. घरात तापमापक नसला तरी अडत नाही, पिल्लांकडे बघा. सगळी बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे. चोची उघड्या टाकून कडेला पळाली असतील, तर उष्णता जास्त झाली. सगळीकडे सारखी पांगून दाणे टिपत असतील, तर बल्ब बरोबर उंचीवर आहे. रात्री उठून एकदा तरी हे बघाच. खाली भाताचं तूस कोरडं ठेवा, पाण्याचं भांडं उथळ ठेवा. खोल भांड्यात पिल्लं भिजतात, आणि भिजलेलं पिल्लू गारठून मरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की अख्खं खुराडं रिकामं होतं. हळद, तुळस, गुळवेल, काहीही पाजा, त्यावर उतारा नाही. मागच्या दारच्या औषधांवर आमचं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे ठामपणे सांगतो: इथे लसच हवी. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. पुढचे डोस आणि कोंबड्यांच्या देवी रोगाची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या.

अडचण एवढीच की लसीच्या एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांचे डोस असतात, आणि कालवलेली लस तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण बाटली फोडणार? म्हणून वाडीने एक दिवस ठरवावा. बाटली बर्फात ठेवून आणावी, आणि ऊन चढायच्या आत घरोघरच्या पिल्लांना एकाच वेळी लस देऊन टाकावी. एका घराने लस दिली आणि शेजारच्याने नाही, तर रोग गडगा ओलांडून येतोच.

(दृश्य: परसात सोडलेल्या तलंगा, म्हणजे वयात येणाऱ्या कोंबड्या.)

पिसं भरली की पिल्लं परसात सोडायची. घार आणि मुंगूस यांच्यावर लक्ष ठेवून, संध्याकाळी मोजून आत घेऊन. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. बाकीचे वाढले की वडे-सागोतीचा बेत घरच्या घरीच होतो, आणि पोरांच्या ताटातल्या अंड्यासाठी दुकानात जावं लागत नाही.